देव पाण्यात, बायोस पेनड्राइव्हवर

ऑगस्ट २०२४मध्ये इंटेलने जाहीर केलं, की आमच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जो दोष निघाला आहे, त्यावरची दुरुस्ती तयार आहे. दुरुस्तीचं नाव मायक्रोकोड 'झीरो-एक्स-१२९'. ती तुमच्या हातात कोण देणार? मदरबोर्डवाला. कधी देणार? त्याला जमेल तेव्हा. बसवायला कोण येणार? कोणी नाही. तुम्ही त्याच्या साइटवर जायचं, आपला बोर्ड नेमका कोणता ते हुडकायचं (एकाच नावाची चार-पाच भावंडं असतात, एकाच्या शेपटीला वाय-फाय, दुसऱ्याच्या शेपटीला डीडीआर-फोर), बायोसची (म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना बोर्डावर सगळ्यांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर घालायची, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, तो चालू होता होता डिलीटचं बटण बडवत राहायचं, विमानाच्या कॉकपिटसारखा पडदा आला की त्यात योग्य खाना शोधायचा, आणि 'नक्की ना?' या प्रश्नाला 'नक्की' म्हणून देव पाण्यात घालून बसायचं.

बरं, एवढी यातायात करून पदरात काय? कंपनीने त्याच दमात हेही सांगून टाकलं होतं, की ज्यांचा प्रोसेसर आधीच झिजलेला आहे, त्यांना या दुरुस्तीचा उपयोग नाही. त्यांनी वॉरंटीच्या रांगेत उभं राहावं.

दोष काय होता? प्रोसेसर कामाच्या ओझ्याप्रमाणे मदरबोर्डकडे व्होल्टेज मागत असतो. मागायचं किती, याचे नियम त्याच्याच पोटातल्या मायक्रोकोडमध्ये लिहिलेले असतात. हे नियम गरजेपेक्षा जास्त मागत होते. बोर्डाने बिचाऱ्याने मागितलं तेवढं दिलं. महिनोन् महिने असा जादा खुराक खाऊन आतली नाजूक मंडळी कायमची झिजली. नव्या मायक्रोकोडने एवढंच बजावलं, की बाबा, १.५५ व्होल्टच्या वर हात पसरू नकोस. तेरावी पिढी बाजारात आली ऑक्टोबर २०२२मध्ये. हे बजावणं आलं ऑगस्ट २०२४मध्ये. मधल्या काळात लोक काय करत होते? गेम खेळत होते, गेम बंद पडत होते, आणि पडद्यावर संदेश येत होता: व्हिडिओ मेमरी संपली. म्हणजे दुखणं प्रोसेसरचं आणि बोट ग्राफिक्स कार्डाकडे.

मग टोलवाटोलवीचा जो सामना रंगला, तो पाहून आपल्या सरकारी कचेऱ्यांनीही वही-पेन घेऊन बसावं. गिऱ्हाईक गेलं ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाकडे. एनव्हिडियाने एप्रिल २०२४मध्ये सांगितलं, असा संदेश येत असेल तर इंटेलला विचारा. इंटेलने बोट दाखवलं मदरबोर्डांच्या सढळ सेटिंगांकडे. मदरबोर्डवाल्यांनी घाईघाईने सौम्य सेटिंगांचे बायोस काढले, तेही प्रत्येकाने आपापल्या समजुतीचे. जूनमध्ये 'झीरो-एक्स-१२५' आला. त्याने एक चूक सुधारली, पण खरं मूळ ते नव्हे, असं इंटेलनेच सांगितलं. २२ जुलैला कबुली आली, की मागणी जास्त होते आहे आणि ती आमच्याच मायक्रोकोडमधून. ऑगस्टला '१२९'. सप्टेंबरला '१२बी'. आता झालं म्हणेपर्यंत मे २०२५मध्ये '१२एफ'. प्रत्येक आकड्यामागे पुन्हा तीच साइट, तोच पेनड्राइव्ह, तेच पाण्यातले देव.

वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, हे मात्र मान्य करायला हवं. अर्थात वॉरंटी वाढवून मिळाली ती चिपला. गिऱ्हाइकाच्या रात्री कोणत्या वॉरंटीत बसतात, ते कुठेही छापलेलं नाही.

आता हे मायक्रोकोड प्रकरण काय आहे ते जरा सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. प्रोसेसर आपण समजतो तसा निव्वळ दगडी नसतो. बाहेरून येणाऱ्या काही अवघड आज्ञा आत कशा पार पाडायच्या, याची बारीक लिपी त्याच्या पोटात असते. ती कारखान्यातच कोरली जाते आणि कोरलेलं पुसता येत नाही. म्हणून शेजारी थोडी पुसता येणारी जागा ठेवतात. दुरुस्ती तिथे लिहायची आणि चिपला सांगायचं, की अमुक आज्ञा आली की कोरीव लिपीकडे पाहू नकोस, इकडे पाहा.

ही जागा वीज जाताच कोरी होते. म्हणजे दुरुस्त झालेला प्रोसेसर असा जगात नसतोच. तुमची चिप रोज सकाळी आपल्या जन्मजात चुकीसकट उठते, बायोस तिच्या कानात दुरुस्ती सांगतो, त्याच्याकडची जुनी असेल तर विंडोज किंवा लिनक्स आणखी नवी सांगते, आणि मग ती शहाण्यासारखी वागते. संध्याकाळी बटण बंद, शहाणपण संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. कंपनी जेव्हा 'दोष दूर केला' म्हणते, तेव्हा तिने दोष जागेवरच ठेवून तो रोज झाकायची व्यवस्था केलेली असते, आणि व्यवस्थेवर देखरेख तुमची.

अशी पद्धत पूर्वी नव्हती. १९९४ साली अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात, थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. (११ आणि १३, १७ आणि १९, अशा दोनच्या अंतरावरच्या जोड्या. हे करून पोट भरत नाही, पण माणूस वाईट संगतीपासून लांब राहतो.) बेरीज जुळेना. त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, दुसरे कॉम्प्युटर लावून पाहिले, आणि एकेक संशयित सुटत सुटत शेवटी उरला तो नवाकोरा पेंटियम. तो भागाकार चुकत होता. भागाकारासाठी त्याच्या आत एक कोष्टक होतं, १,०६६ नोंदींचं. त्यातल्या पाच नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागलं, तर उत्तर १.३३३८ ऐवजी १.३३३७ यायचं.

इंटेलला हे नाइसलींच्या आधीच कळलं होतं. पण बोलायची घाई नव्हती. बोभाटा झाल्यावर इंटेलने हिशेब मांडला, की सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमने तोच हिशेब स्वतः मांडला, तर उत्तर आलं २४ दिवसांतून एकदा. दोन्ही कंपन्यांनी आपला भागाकार कोणत्या प्रोसेसरवर केला, हे इतिहासाने नोंदवलेलं नाही. इंटेलचं आधीचं धोरण तर फारच गोड होतं. चिप बदलून देऊ, पण आधी आम्हाला पटवून द्या, की तुमच्या कामाला एवढा अचूक भागाकार लागतो. पैसे देऊन घेतलेल्या गणकयंत्राकडून गणित बरोबर यावं अशी अपेक्षा का ठेवली, याचा खुलासा गिऱ्हाइकाने करायचा.

१२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे कॉम्प्युटर पाठवणं थांबवलं. २० डिसेंबरला इंटेल नमली. मागेल त्याला बदलून देऊ, प्रश्न विचारणार नाही. त्यापायी ४७.५ कोटी डॉलर खर्ची पडले. परत आलेल्या काही चिपांची पुढे कीचेन करून कर्मचाऱ्यांना वाटली. दागिन्यासारखी चूक खिशात बाळगणारी कंपनी म्हणून मला इंटेलचं त्या एका गोष्टीसाठी कौतुकच वाटतं.

आणि १९९५ साली आला पेंटियम प्रो. त्यात मायक्रोकोड बाहेरून बदलायची सोय होती. त्या ४७.५ कोटींमुळेच ती सोय आली, असं मी म्हणत नाही. चिपची आखणी वर्षानुवर्षं आधी सुरू होते. पण हिशेब कुणालाही कळेल असा आहे. चिप बदलून द्यायची तर डबा, टपाल, माणसं, चिप, सगळा खर्च कंपनीचा. फाइल साइटवर टाकायची तर खर्च जवळजवळ शून्य, आणि मजूर फुकट. मजूर म्हणजे तुम्ही.

या फुकट मजुरांची खरी परीक्षा झाली जानेवारी २०१८मध्ये. ३ जानेवारीला मेल्टडाउन आणि स्पेक्टर अशी दोन भुतं जगापुढे आली. गूगलचा यान हॉर्न, ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाची मंडळी, पॉल कोचर आणि आणखी काही जण, यांनी ती वेगवेगळी पकडली होती. या वेळी चूक कोष्टकातल्या रिकाम्या रकान्यांची नव्हती. चूक हुशारीची होती. आजचा प्रोसेसर तुमच्या हॉटेलातल्या मुरलेल्या पोऱ्यासारखा असतो. तुम्ही दारात दिसलात की तो तुम्ही बोलायच्या आत चहा आणून ठेवतो. तुम्ही म्हणालात, आज कॉफी, तर तो मुकाट्याने चहा उचलतो. बिल नाही, बोभाटा नाही, चहा आलाच नव्हता असं सगळं साफ. फक्त टेबलावर कपाचं ओलं वर्तुळ राहतं. पलीकडच्या टेबलावर बसलेला एखादा चौकस गृहस्थ अशी वर्तुळं बघून सांगू शकतो, की इथे कोण बसतं आणि नेहमी काय पितं. प्रोसेसरही पुढचं काम अंदाजाने आधीच उरकून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेलं पुसतो, पण कॅश मेमरीत त्याचा माग राहतो. त्या मागावरून दुसऱ्याचा पासवर्ड वाचता येतो. हा अगाऊपणा दोन दशकांहून जुना. सगळ्या कंपन्यांचा. आपण ज्याला 'फास्ट आहे हो मशीन' म्हणत होतो, ती बरीचशी हीच तत्परता होती.

गूगलने इंटेलला कळवलं होतं १ जून २०१७ला. जगाला कळलं सात महिन्यांनी. मधल्या नोव्हेंबरात इंटेलचे तेव्हाचे प्रमुख ब्रायन क्रझानिच यांनी आपल्याजवळचे कोट्यवधी डॉलरचे शेअर विकले आणि पदाच्या नियमाने जेवढे बाळगावेच लागतात, ते अडीच लाख तेवढे ठेवले. विक्रीचा या दोषाशी संबंध नव्हता, असं कंपनीने सांगितलं. कंपनी सांगते म्हणजे नसेल. आपल्याला काय, आपल्याकडे विकायला शेअर नव्हते, फक्त अपडेट घालायला कॉम्प्युटर होता.

आणि ते अपडेट! मेल्टडाउनचा बंदोबस्त ऑपरेटिंग सिस्टिमनेच केला. स्पेक्टरच्या एका प्रकाराला मात्र मायक्रोकोड लागणार होता. इंटेलने तो दिला. लोकांनी घातला. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागले, मन मानेल तेव्हा. २१ जानेवारीला लिनक्सचे लिनस टॉरवाल्ड्स यांनी इंटेलच्या दुरुस्तीला निखालस कचरा म्हटलं. (टॉरवाल्ड्स कुणालाही कचरा म्हणतात, पण या वेळी त्यांच्याशी वाद घालायला फारसं कुणी पुढे आलं नाही.) २२ला इंटेलनेच सांगितलं, थांबा, हे घालू नका. २७ला मायक्रोसॉफ्टने विंडोजचं एक खास अपडेट काढलं. कशासाठी? आधीच्या अपडेटने जे चालू केलं, ते बंद करण्यासाठी. अपडेट घ्या. घेतलंत? मग आता ते काढायचं अपडेट घ्या.

एवढ्यावर भागलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या जानेवारीतल्या दुरुस्तीनंतर इंटेलच्या स्पर्धक एएमडीच्या चिपांचे काही जुने कॉम्प्युटर सुरूच होईनात. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, एएमडीने आम्हाला दिलेली कागदपत्रंच प्रत्यक्षाशी जुळत नव्हती. विंडोज सेव्हनच्या ६४ बिटवाल्यांची कथा तर मासलेवाईक आहे. मेल्टडाउनमुळे चोराला दुसऱ्याची मेमरी वाचता येत होती, तीही हळूहळू, चोरपावलांनी. जानेवारीच्या दुरुस्तीनंतर कोणत्याही प्रोग्रॅमला ती धडधडीत वाचताही यायला लागली आणि वर त्यात लिहिताही. उल्फ फ्रिस्क नावाच्या संशोधकाने हे उघड केलं, आणि मार्चमध्ये दुरुस्तीची दुरुस्ती आली.

तेव्हापासून दर हंगामाला नवं बारसं. फोरशॅडो, झॉम्बीलोड, प्लंडरव्होल्ट, रेटब्लीड, झेनब्लीड, डाउनफॉल, इन्सेप्शन. काहींना तर स्वतःचं बोधचिन्ह आणि स्वतःची वेबसाइट. मराठी सिनेमाला एवढी प्रसिद्धी मिळाली असती तर प्राइम टाइमसाठी भांडावं लागलं नसतं. डाउनफॉल आला ऑगस्ट २०२३मध्ये. इंटेलची दुरुस्ती तत्पर होती, अट एवढीच, की काही विशिष्ट कामांचा वेग ५० टक्क्यांपर्यंत घटू शकेल, असं इंटेलनेच सांगितलं. तुमच्याआमच्या टायपिंगला आणि यूट्यूबला याचा फरक पडत नाही, हे खरं. पण ज्याने वेगासाठीच महागडी चिप घेतली, त्याला निम्म्या वेगाचे निम्मे पैसे परत मिळाले, असं काही ऐकिवात नाही. वेग हा जाहिरातीत गुणधर्म असतो आणि दुरुस्तीनंतर तो तुमचा गैरसमज ठरतो.

आणि हेसुद्धा कोणाला, तर ज्यांचा माल अजून कंपनीच्या लेखी जिवंत आहे त्यांना. एप्रिल २०१८मध्ये इंटेलने पेनरिन, वुल्फडेल, ब्लूमफिल्ड वगैरे जुन्या घराण्यांची यादी काढून सांगितलं, यांच्यासाठी मायक्रोकोड काढणार नाही. एक कारण असं दिलं, की ही यंत्रं बहुतेक ठिकाणी बंदिस्त व्यवस्थेत चालतात, त्यांना धोका कमी. एएमडीने ऑगस्ट २०२४मध्ये 'सिंकक्लोज' नावाच्या दोषाच्या वेळी तेच केलं. दोष २००६पासूनच्या चिपांमध्ये, आणि दुरुस्तीच्या यादीतून रायझन ३००० सुद्धा गाळलेले, जे अजून लोकांच्या टेबलांवर ऐन उमेदीत काम करत होते. आरडाओरडा झाला, तेव्हा काही दिवसांत त्यांचं नाव यादीत आलं. तात्पर्य काढायचं तर काढा, मी ओरडणाऱ्यांच्या घशाला सलाम करून पुढे जातो.

आता जरा आपल्याकडे येऊ. परदेशी कंपनीचा बायोस लिहिणारा माणूस असं धरून चालतो, की वीज ही हवेसारखी असते, कायम असतेच. बायोस लिहिला जात असताना मध्येच वीज गेली तर बोर्डाचं मढं होतं. महागड्या बोर्डांवर दुसरा राखीव बायोस असतो, किंवा मागे एक बटण असतं, ते दाबून पेनड्राइव्हवरून जीव परत आणता येतो. स्वस्त बोर्डावर बटणाच्या जागी नशीब असतं. अशा वेळी पुण्यातल्या घराघरांत जो संवाद होतो, तो साधारण असा:

"मामा, बायोस टाकायचाय तुझ्या मशीनवर. यूपीएस आहे ना?"

"इन्व्हर्टर आहे की."

"कॉम्प्युटर आहे का त्याच्यावर?"

"नाही रे. पंखे, टीव्ही, आणि देवघरातला दिवा."

"बरं, मग उद्या सकाळी करू. सकाळी लाइट जात नाही."

"उद्या गुरुवार आहे."

गुरुवार म्हटल्यावर पुण्यात कुणाला खुलासा लागत नाही. देखभाल-दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा तो वार. त्या दिवशी आपल्या प्रोसेसरची देखभाल-दुरुस्ती काढणाऱ्याला मूर्खांत काढावं की भक्तांत, हे मी वाचकांवर सोडतो.

मामांचं तरी ठीक, त्यांच्या बोर्डाला कंपनी आहे आणि कंपनीला साइट आहे. दुकानात 'आय-फाइव्ह आहे साहेब, डोळे झाकून घ्या' एवढं सांगून जे मशीन बांधून दिलं जातं, त्याचा आय-फाइव्ह कुठल्या पिढीचा ते बिलावर नसतं, आणि बोर्डावर कंपनीचं नावही नसतं. झेरॉक्सच्या दुकानात, टायपिंग क्लासात, दाखल्यांच्या अर्जांच्या टेबलामागे अशी मशीनं वर्षानुवर्षं ओझं ओढत आहेत. त्यांच्यातून लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुकं आणि सातबारे रोज जातात. ही यंत्रं कुठल्याही अर्थाने बंदिस्त नाहीत. त्यांचा नवा बायोस कुठे मिळेल, याचं उत्तर दुकानदाराजवळही नाही आणि बोर्ड बनवणाऱ्याजवळही नाही, कारण तो बोर्ड बनवून आता मोबाइलचे चार्जर बनवतो आहे. त्यातल्या त्यात आधार एवढाच, की ऑपरेटिंग सिस्टिम चालू होताना मायक्रोकोड स्वतःही भरू शकते. पण त्यासाठी अपडेट चालू लागतात. आपल्याकडच्या पहिल्या दुरुस्तीत दुकानदार तेच बंद करून देतो: "त्याने मशीन स्लो होतं, साहेब."

त्याचं अगदीच खोटं नाही, हे डाउनफॉलवाल्यांनी आपल्याला शिकवलं आहेच.

लॅपटॉपवाल्यांना पेनड्राइव्हचा त्रास नसतो. तिथे बायोस विंडोज अपडेटच्या पोटात लपून येतो, आणि सकाळी साडेदहाच्या मीटिंगला दहा पंचवीसला आपलं दर्शन देतो. पडदा काळा, एक पट्टी सरकते आहे, खाली धमकी: बंद करू नका. ती पट्टी संपते. आता लॅपटॉप सुरू होतो आणि म्हणतो, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेल्या कुलपाची, ४८ अंकी किल्ली द्या. कारण बायोस बदलला, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने घरात परका माणूस शिरला. किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सुखरूप असते. खात्याचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सुखरूप असतो. ब्राउझर त्या लॅपटॉपमध्ये सुखरूप असतो, बिटलॉकरच्या आड.

मग घालायचा की नाही? इथे दोन शहाण्यांची दोन मतं. चिपवाली कंपनी म्हणते, मदरबोर्डवाल्याकडचा ताजा बायोस लगेच घाला. तुम्ही आज्ञाधारकपणे मदरबोर्डवाल्याच्या पानावर जाता, तर एका बड्या कंपनीच्या डाउनलोडच्या पानावर सूचना असते, की बायोस बदलणं जोखमीचं आहे, सध्या त्रास नसेल तर बदलू नये हे उत्तम. आणि बदलून काय होतं याचं वर्णन बहुतेक ठिकाणी एका ओळीचं: सिस्टिमची स्थिरता सुधारते. कुठला दोष, किती गंभीर, कुणी शोधला, घातला नाही तर काय होईल, काही नाही. हाताशी पेनड्राइव्ह घेऊन बसलेला माणूस त्या ओळीकडे बघतो आणि त्याची स्वतःची स्थिरता कमी होते. चिपवाले निदान आपल्या चुकांच्या याद्या छापतात. काही पिढ्यांच्या यादीत चुकांनी शंभरी ओलांडलेली आहे, आणि कित्येक नोंदींपुढे शेरा आहे, दुरुस्ती नाही. ते वाचून झोप उडते, पण खोटेपणा तरी नाही.

माझं म्हणाल तर घाला. कुरकुरत घाला, शिव्या देत घाला, पण घाला. बिटलॉकरची किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवा, लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपसाठी शेजाऱ्याचा यूपीएस तासाभरासाठी मागून आणा, बोर्डाचं नाव शेपटीसकट तपासा, आणि वार बुधवारच असू द्या. तेराव्या-चौदाव्या पिढीचे ताकदवान प्रोसेसर असतील तर आजच, कारण तिथे रोजचा उशीर रोजच्या झिजेत मोजला जातो. माझी तक्रार घालण्याबद्दल नाहीच. ती एवढीच आहे, की चूक ज्याने केली, त्याने फाइल टाकली की तो मोकळा. चुकीची मेहनत, जोखीम आणि घटलेला वेग हे तीनही खाली सरकत सरकत शेवटी ज्याला यातलं सगळ्यात कमी कळतं, त्याच्या टेबलावर येऊन थांबतात. १९९४च्या प्राध्यापकांना निदान नवी चिप मिळाली होती.

आणि आता या सगळ्यावरची कडी. मायक्रोकोड कुणीही घालू नये म्हणून त्याला कुलूप असतं. कंपनीची सही असेल तरच प्रोसेसर तो स्वीकारतो. २०२५च्या सुरुवातीला गूगलच्या संशोधकांनी एएमडीचं हे कुलूप उघडून दाखवलं. सही तपासण्याच्या पद्धतीत एक किल्ली वापरलेली होती, 'झेन' घराण्याच्या पहिल्या पिढीपासून चौथीपर्यंत सगळ्या चिपांना तीच. ही किल्ली आली कुठून? अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने, 'निस्ट'ने, ही पद्धत समजावून सांगायला जे कागद छापले आहेत, त्यात उदाहरणादाखल एक किल्ली दिली आहे. तीच. जगजाहीर, छापील, कुणालाही डाउनलोड करता येणारी. ज्याच्या हाती मशीनचे पूर्ण अधिकार आहेत, त्याला तिच्या जोरावर स्वतःचा मायक्रोकोड एएमडीचा म्हणून चिपच्या गळी उतरवता येत होता. संशोधकांनी नमुन्यादाखल एक उतरवलाही. प्रोसेसरमध्ये एक आज्ञा असते, मनाला येईल तो आकडा काढून देणारी. पासवर्डापासून बँकेच्या व्यवहारापर्यंत असल्या आकड्यांवर भिस्त असते. संशोधकांच्या मायक्रोकोडनंतर त्या आज्ञेला केव्हाही आकडा मागा, ती म्हणायची: चार. पुन्हा मागा. चार. अजून एकदा? चार.

एएमडीने यावर तातडीने दुरुस्ती काढली. ती बायोसमधून येते. मदरबोर्डवाल्याच्या साइटवर बघा, त्याला जमलं असेल तर असेल.